असं का? : एकच गिअर, पण कोणता?

चढ लागला की सायकलस्वार गिअर हलका करतो. अडथळ्यांवरून उड्या घेत नेण्याच्या ट्रायल्स सायकलीला मात्र बहुधा एकच गिअर. अनेकींना तर सीटही नसते. मागच्या चाकावर तोल सावरत स्वार पायडलला जेमतेम पाव फेरीचा झटका देतो आणि समोरच्या खडकावर उडी घेतो.

गिअर जड असेल तर पायडल हलता हलत नाही. फार हलका असेल तर पाय फिरतो, सायकल मात्र जेमतेम सरकते.

म्हणून २६ इंची चाकांच्या सायकलीत अनेकदा साखळीच्या पुढच्या चक्रीला १८, मागच्या चक्रीला १५ दाते असतात: पायडलच्या एका फेरीत चाक १.२ वेळा फिरतं. २० इंचीला १८ आणि १२, म्हणजे दीड फेरी. चाक लहान, म्हणून फेऱ्या जास्त. अंतर दोन्हीकडे सुमारे अडीच मीटर. पाव फेरीच्या वाट्याला साठेक सेंटिमीटर.