वऱ्हाडच्या उन्हात केसाळ कुत्रा

मे 2024 च्या शेवटच्या आठवड्यात अकोल्याचा पारा 45 अंशांच्या वर गेला आणि जिल्हाधिकाऱ्यांनी 31 मेपर्यंत कलम 144 लागू केलं. कामगारांसाठी पाणी आणि पंख्यांची सोय करा, खासगी शिकवण्यांचे वर्ग सकाळी दहाच्या आत आणि संध्याकाळी पाचनंतरच घ्या, असं त्या आदेशात होतं. त्याच अकोल्यात आणि शेजारच्या अमरावतीत आता गोल्डन रिट्रीव्हर, जर्मन शेफर्ड, ल्हासा अप्सो, शित्झू, क्वचित हस्कीसुद्धा पाळली जाते. यांतलं कोणी मूळचं स्कॉटलंडचं, कोणी तिबेटचं, कोणी सैबेरियाचं. मार्च उजाडला की मालकांपुढे एकच प्रश्न असतो: याचे केस काढून टाकायचे का? प्रश्न मायेपोटी येतो, पण तो चुकीच्या जागी बोट ठेवतो. वऱ्हाडात असा कुत्रा सुखात राहील की हाल काढील, हे केसांच्या लांबीवर जेवढं ठरतं त्याहून कितीतरी जास्त घरातलं कोणी रोज अर्धा तास त्याच्या अंगावरून फणी फिरवतं का, यावर ठरतं.

कुत्र्याला माणसासारखा अंगभर घाम येत नाही. घामाच्या ग्रंथी कामाच्या असतात त्या पंजांच्या गाद्यांत, आणि तेवढ्यावर शरीर थंड होत नाही. त्याची मुख्य वाट म्हणजे धापा टाकणं: जीभ, तोंड आणि नाकातल्या ओलाव्याची वाफ होते आणि वाफेबरोबर उष्णता जाते. निरोगी कुत्र्याच्या अंगाचं तापमान 38 ते 39 अंशांच्या आसपास असतं. ते 41 च्या वर गेलं की उष्माघात जिवावर बेतू शकतो. आता मेअखेरच्या नवतप्यातली दुपार डोळ्यांपुढे आणा. बाहेरची हवाच कुत्र्याच्या अंगापेक्षा पाच-सहा अंशांनी गरम असते. अशा वेळी अंगातली उष्णता हवेत जात नाही, उलट हवेतली अंगात शिरते. तेव्हा केसांचा थर तिला थोडा अडवतोही. मात्र संध्याकाळी घर निवलं, कूलर लागला, की अंगातली उष्णता बाहेर पडायला हवी आणि तिथे तोच थर आडवा येतो. म्हणजे केस शत्रू नाहीत आणि रक्षकही नाहीत. हवा त्यांतून कातडीपर्यंत पोचते की नाही, हा खरा मुद्दा आहे.

म्हणून सरसकट कात्री लावणं बरोबर नाही. गोल्डन, शेफर्ड, हस्की, स्पिट्झ यांच्या अंगावर दोन थर असतात: वर राठ लांब केस आणि खाली मऊ दाट लव. मशीन फिरवून दोन्ही उतरवले की वरचे केस सावकाश येतात, लव आधी भरून येते. काही कुत्र्यांच्या अंगावर तर कित्येक महिने टकलाचे चट्टे राहतात. उघड्या कातडीला थेट ऊन लागतं ते वेगळंच. ल्हासा आणि शित्झूची गोष्ट निराळी. त्यांचे केस माणसासारखे वाढत राहतात, त्यामुळे उन्हाळ्याआधी ते इंचभर राखून कापायला हरकत नाही. एकाच दुकानात, एकाच मशीनने, सगळ्या जातींना एकच न्याय लावला जातो, तिथे मालकाने हात धरून थांबवायला हवं.

केसांवर सगळं खापर फोडता येत नाही, याला भक्कम पुरावा आहे. ब्रिटनमधल्या पशुवैद्यकांकडच्या 2016 सालच्या नऊ लाखांहून अधिक कुत्र्यांच्या नोंदी तपासून केलेला अभ्यास 2020 मध्ये प्रसिद्ध झाला. लॅब्रॅडॉरच्या तुलनेत उष्माघाताची शक्यता दाट केसांच्या चाऊ चाऊमध्ये सुमारे सतरा पट आणि गोल्डन रिट्रीव्हरमध्ये अडीच पटींहून जास्त निघाली. पण आखूड केसांच्या, चपट्या तोंडाच्या बुलडॉगमध्येही ती सुमारे चौदा पट होती, आणि अगदी आखूड, विरळ केसांच्या ग्रेहाउंडमध्ये चार पट. धाप टाकण्याची वाटच अरुंद असेल तर केस आखूड असून उपयोग नाही. आपल्याकडे याचा अर्थ असा की शित्झू, ज्याचं तोंड चपटं आणि केसही लांब, तो दुहेरी अडचणीत आहे. दिसायला इवलासा म्हणून त्याला कमी जपावं लागेल असं मुळीच नाही. त्याच अभ्यासात वजन आणि वय वाढलं की धोका वाढतो, हेही दिसलं. लाडाने गोलमटोल केलेला गोल्डन उन्हाळ्यात त्याची किंमत मोजतो.

तरीही वऱ्हाडातला केसाळ कुत्रा वर्षभर सोसतो ते उन्हाळ्यापेक्षा गुंत्यांचं दुखणं. गळालेली लव निघाली नाही तर काखेत, कानामागे, मांड्यांच्या आत तिच्या जटा होतात. जट घट्ट झाली की कातडी ओढली जाते, खाली हवा लागत नाही. पावसाळ्यात ओला कुत्रा कोरडा न करता तसाच राहिला तर त्याच जागी ओल धरते आणि एका रात्रीत लालभडक, ओली जखम उभी राहते. वरून काही दिसत नाही. आषाढ-श्रावणात माशी अशा जखमेवर अंडी घालते आणि घरच्यांना वास येईपर्यंत आत अळ्या पडलेल्या असतात. गोचिडांचंही तसंच. तपकिरी गोचीड उष्ण घरात वर्षभर वाढते, मादी भिंतीच्या भेगांत हजारोंनी अंडी घालते आणि तिच्या चाव्यातून एर्लिकिया, बबेसियासारखे रक्ताचे आजार होतात. आखूड केसांच्या कुत्र्यावर ती हाताला लागते, केसाळ कुत्र्यावर शोधावी लागते. इथे एक कळकळीची विनंती: गोचिडीसाठी शेतातलं फवारणीचं औषध कधीही लावू नका. कापसाच्या या पट्ट्यात ते घरोघरी असतं, आणि 2017 मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने शेतकरी-शेतमजूर दगावल्याचं आपण पाहिलं आहे. कुत्रा तर अंग चाटतो.

पाऊस सरला की कुसळी गवत वाळतं. अमरावतीच्या वडाळी किंवा छत्री तलावाच्या बाजूला गवतातून फिरून आलेल्या कुत्र्याच्या पंजाच्या केसांत कुसळ अडकतं, आणि त्याची रचनाच पुढे सरकत जाण्याची असल्याने ते बोटांमधून कातडीत घुसतं, कानात गेलं तर पडद्यापर्यंत पोचतं. कुत्रा सतत पंजा चाटतो किंवा डोकं एका बाजूला झाडतो, त्यामागे अनेकदा हेच असतं. फिरून आल्यावर पंजे, कान आणि काखा बोटांनी चाचपायला पाच मिनिटं लागतात. आत गेलेलं कुसळ काढायला भूल द्यावी लागू शकते.

अंघोळीचा प्रश्न खास आपल्या भागाचा आहे. अकोला शहराला काटेपूर्णा धरणाचं पाणी मिळतं, आणि नळ रोज येईलच असं नाही. पूर्णेच्या खोऱ्यातल्या खारपाणपट्ट्यात बोअरचं पाणी इतकं खारट की साबणाला फेस धरत नाही; शाम्पू लवेत राहून जातो आणि खाज सुटते. त्यामुळे दर आठवड्याची अंघोळ इथे गरजेचीही नाही आणि परवडणारीही नाही. रोज नीट विंचरलेल्या कुत्र्याला महिन्या-दीड महिन्याने एक अंघोळ पुरते. तीही विंचरून झाल्यावरच घालावी, कारण ओल्या जटा आणखी आवळतात.

यावर लोक म्हणतात, आता दोन्ही शहरांत ग्रूमिंग करणारी दुकानं आहेत, पैसे टाकले की झालं. दुकान महिन्यातून एकदा भेटतं, जट तीन दिवसांत होते. दुसरं म्हणणं असं की घरात एसी आहे. असावाच, पण चोवीस तास वीज टिकेल याची हमी नाही, कूलर जुलैच्या दमट हवेत निकामी ठरतो आणि एसीत बसलेल्या कुत्र्याचेही गुंते होतात. तिसरा आक्षेप वजनदार आहे: पांढरी पॉमेरेनियन म्हणून ओळखली जाणारी भारतीय स्पिट्झ इथे वर्षानुवर्षं मजेत जगली. ‘हम आपके हैं कौन’ (1994) मधला टफी याच जातीचा. बरोबर आहे. पण तिचं अंग लहान, तोंड टोकदार, मुक्काम घरात, आणि दुपारी घरी असणाऱ्या आजी-आईंचा हात तिच्या पाठीवरून फिरत असे. तिच्या सुखातला तो हात विसरून आपण फक्त जात मोजतो.

घेणाऱ्याने म्हणूनच घेण्याआधी पाहायचं ते हेच: घरात तसा हात आहे का. पिल्लं बहुधा थंडीत, कापसाच्या बोळ्यासारखी असताना पसंत केली जातात. पूर्ण वाढीचे केस नंतर येतात. कुत्र्यांच्या पैदाशीबाबतच्या 2017 च्या केंद्रीय नियमांनुसार पैदास करणाऱ्याने राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी करायला हवी आणि आठ आठवड्यांखालचं पिल्लू विकता येत नाही. नोंदणी मागा, आणि पिल्लाची आई पाहायला मागा, शक्य असेल तर मे महिन्यात. तिच्या काखेत बोटं घालून बघा. अकोल्यात पशुवैद्यकशास्त्राची स्नातकोत्तर संस्था आहे. पिल्लू ठरवण्याआधी अशा ठिकाणच्या किंवा गावातल्या पशुवैद्यकाशी बोललं तर पुढची बारा वर्षं कशी जातील याचा अंदाज येतो. नवरा-बायको दोघंही सकाळी आठला बाहेर पडून रात्री आठला परतत असतील, तर आखूड केसांचा, लांब तोंडाचा आपला गावठी कुत्रा त्या घराला जास्त शोभेल; आणि तोही तितकाच जीव लावतो.