ग्रंथांची पारख : घरातील कपाटासाठी चार अनुयोग

कार्तिक शुद्ध पंचमीस, म्हणजेच ज्ञानपंचमीस, अनेक घरांत पाटावर पुस्तके मांडून त्यांचे पूजन होते. दिगंबर परंपरेत ज्येष्ठ शुद्ध पंचमीची श्रुतपंचमी याच भावनेने साजरी होते. पावसाळ्याची ओल सरल्यावर भांडारांतील पोथ्या उघडून, झटकून पुन्हा वेष्टनात बांधण्याची प्रथाही ज्ञानपंचमीशी जोडलेली आहे. आज त्या पाटावर कोणती पुस्तके असतात, हे एकदा डोळसपणे पाहावे. बहुधा स्तोत्रसंग्रह, मुलांची पाठ्यपुस्तके, वह्या आणि लवकर धनवान होण्याचे मार्ग सांगणारी एखाद-दोन पुस्तके एवढाच हा संसार असतो. कथा-कादंबऱ्यांपलीकडील इतिहास, विज्ञान, अर्थकारण, समाज आणि चरित्र या विषयांचे ग्रंथ क्वचितच आढळतात. ते घेण्याची इच्छा नसते असे नाही. इतक्या विषयांतून निवड कशी करावी, हे उमगत नाही.

निवडीची एक सोपी रीत आपल्याच परंपरेत आहे. आगमसाहित्याचे चार अनुयोग आपण जाणतो : महापुरुषांची चरित्रे सांगणारा प्रथमानुयोग, लोकरचना व गणिताचा करणानुयोग, आचाराचा चरणानुयोग आणि तत्त्वांचा द्रव्यानुयोग. लौकिक पुस्तकांची आगमांशी बरोबरी करावयाची नाही. परंतु वर्गीकरणाचा हा धडा कपाटास उपयोगी पडतो. पहिल्या खणात चरित्र व इतिहास, दुसऱ्यात गणित, विज्ञान व अर्थशास्त्र, तिसऱ्यात आरोग्य, कायदा व समाजजीवन, चौथ्यात तत्त्वचिंतन. जो खण रिकामा असेल, तेथील पुस्तक आधी आणावे.

पूर्वजांची दृष्टी अशीच विस्तृत होती. नवव्या शतकात महावीराचार्यांनी ‘गणितसारसंग्रह’ रचला. त्यात व्याजाची गणितेही आहेत. ठक्कुर फेरू यांनी 1318 च्या सुमारास ‘द्रव्यपरीक्षा’ हा नाण्यांवरील ग्रंथ लिहिला, तो दिल्लीच्या टाकसाळीतील अनुभवावर. बनारसीदासांनी 1641 मध्ये ‘अर्धकथानक’ लिहून एका व्यापाऱ्याचे आयुष्य, त्यातील तोटा आणि स्वतःच्या उणिवांसह, निःसंकोचपणे मांडले. यशाचीच गाथा गाणाऱ्या चरित्रांपेक्षा असे पुस्तक तरुण व्यापाऱ्यास अधिक शिकवून जाते.

मराठीतही या खणांसाठी उत्तम सामग्री आहे. लक्ष्मीबाई टिळकांचे ‘स्मृतिचित्रे’ चरित्राच्या खणात शोभते. जयंत नारळीकरांचे ‘आकाशाशी जडले नाते’ खगोलशास्त्र सुबोध करते, तर अच्युत गोडबोले यांचे ‘अर्थात’ अर्थशास्त्राची ओळख करून देते. अनिल अवचटांचे ‘माणसं’ हमाल व मजूर यांचे जगणे दाखवते. आपल्या पेढीवर पोती वाहणाऱ्याचा दिवस कसा जातो, हे मालकाच्या मुलाने वाचावयास हवे. कोणत्याही नव्या विषयाचा आरंभ करताना मराठी विश्वकोशातील नोंद आधी वाचली, तर पुढचे पुस्तक निवडणे सुकर होते.

एक नियम मात्र कठीण आहे : दरवर्षी एक तरी पुस्तक आपल्या मताविरुद्ध असावे. पाटणच्या जैन भांडारात जयराशी भट्टाचा ‘तत्त्वोपप्लवसिंह’ सुरक्षित राहिला. हा ग्रंथ सर्वच दर्शनांवर प्रहार करतो, जैन मतही त्यातून सुटलेले नाही. तरीही त्याची पोथी जपली गेली. अनेकांताचा याहून उत्कट दाखला कोणता? व्यापारी कुटुंबांसाठी असा विषय म्हणजे 1875 चे दख्खनचे दंगे. पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकऱ्यांनी सावकारांची कर्जखते जाळली; ते सावकार बहुतांशी मारवाडी व गुजराती होते. त्यानंतर 1879 मध्ये शेतकऱ्यांना दिलासा देणारा कायदा झाला. महात्मा फुले यांचा ‘शेतकऱ्याचा असूड’ त्याच काळातील शेतकऱ्याच्या दैन्याची कारणे शोधतो. ही पुस्तके वाचताना मन अस्वस्थ होईल. परंतु ज्यांच्याशी पिढ्यान्‌पिढ्या देवघेव केली, त्यांची बाजू आपल्याला ठाऊक नसेल, तर आपला हिशेब एकतर्फीच राहतो.

पुस्तकाची पारख धान्याच्या वानगीसारखी करावी. वरचे मुखपृष्ठ पाहून भुलू नये. मधली दोन पाने वाचावीत. अनुक्रमणिका, संदर्भ आणि शेवटची सूची आहे का, ते पाहावे. आपल्याला ठाऊक असलेल्या गोष्टीविषयी लेखक काय म्हणतो ते तपासावे. तेथे तो चुकला, तर अनोळखी गोष्टींत त्याचा भरवसा कसा धरावा? अनुवाद असल्यास अनुवादकाचे नाव व भाषेची ओघवती चाल पाहावी. कर व कायद्याच्या पुस्तकांत आवृत्तीचे वर्ष सर्वांत महत्त्वाचे : 1 जुलै 2017 रोजी जीएसटी लागू झाल्याने त्यापूर्वीची विक्रीकराची मार्गदर्शके आता केवळ इतिहासाच्या खणात ठेवण्याजोगी आहेत. औषधोपचारांवरील पुस्तकात लेखकाचे शिक्षण पाहावे, आणि सर्व व्याधींवर एकच उपाय सांगणारे पुस्तक जागीच ठेवावे.

घेतलेले पुस्तक वाचले जावे, यासाठी स्वाध्यायाचे पाच प्रकार पुरेसे आहेत : वाचना, पृच्छना, अनुप्रेक्षा, आम्नाय आणि धर्मोपदेश. लौकिक ग्रंथासही हाच क्रम लागू पडतो. वाचावे, शंका विचारावी, मनन करावे, महत्त्वाचे पुन्हा घोकावे आणि दुसऱ्यास सांगावे. ज्या घरांत चौविहार पाळला जातो, तेथे सूर्यास्तानंतरचा वेळ सहज मोकळा असतो. त्यातील अर्धा तास सर्वांनी एकत्र बसून एकाने वाचावे, इतरांनी ऐकावे. आजी-आजोबांनी प्रश्न विचारावेत, नातवंडांनी उत्तरे शोधावीत. वर्षाकाठी प्रत्येक खणात एकच पुस्तक आले, तरी दहा वर्षांत चाळीस ग्रंथांचे घरगुती भांडार उभे राहील. येत्या ज्ञानपंचमीस पाटावर त्यातील पहिली चार ठेवण्याचा संकल्प प्रत्येक श्रावक-श्राविकेने करावा.