पहिला अ‍ॅम्प्लिफायर किती वॅटचा घ्यावा?

बँकेत नोकरी करणाऱ्या माणसास नातेवाईक सहसा दोनच प्रश्न विचारतात. मुदत ठेवीवर सध्या किती व्याज मिळते, आणि गृहकर्जाचा दर केव्हा उतरणार? त्यामुळे गेल्या दिवाळीत डोंबिवलीहून पुतण्याचा फोन आला आणि त्याने निराळाच प्रश्न विचारला, तेव्हा मला थोडे आश्चर्य वाटले व बराच आनंदही झाला. "काका, अ‍ॅम्प घ्यायचाय. बाबा म्हणाले, आधी तुला विचारायचं. पन्नास वॅटचा घेऊ ना?"

पुतण्याचे वय तेरा. सहा महिन्यांपूर्वी त्यास इलेक्ट्रिक गिटार मिळाली होती, आणि वाढदिवसाचे व दिवाळीचे मिळून नऊ हजार रुपये त्याच्या बचत खात्यात जमले होते. 'पन्नास वॅट' हे शब्द कानी पडताच मला माझे एम.कॉम.चे पहिले वर्ष आठवले. शिकवण्या करून साठविलेल्या पैशांतून मी साठ वॅटचा एक जुना अ‍ॅम्प्लिफायर विकत घेतला होता. त्याचे वजन इतके होते की तो तिसऱ्या मजल्यावर चढविण्यास मित्राची मदत घ्यावी लागली. खोली दहा बाय दहाची. भिंतीपलीकडे घरमालकांच्या वृद्ध मातोश्री राहत. आवाजाचे बटन शून्य आणि एक यांच्यामध्ये केसभर फिरविले की भिंतीवर थाप पडत असे. त्या केसभर जागेत जो आवाज निघे तो मंद, दबलेला व रटाळ असे. वाजविण्याची इच्छा हळूहळू ओसरली. सहा महिन्यांनी अ‍ॅम्प्लिफायर निम्म्या किमतीत विकला आणि गिटार माळ्यावर गेली, ती पुढे नऊ वर्षे खाली उतरली नाही. पैशाचे नुकसान मी केव्हाच विसरलो आहे. त्या नऊ वर्षांची रुखरुख मात्र आजही वाटते. पुतण्याच्या प्रश्नास सविस्तर उत्तर देण्याचे कारण हेच होय.

प्रथम एक गोष्ट स्पष्ट करावयास हवी. आपल्या पाल्याची गिटार लाकडी पोकळ पेटीची साधी अकूस्टिक असेल, तर अ‍ॅम्प्लिफायरची मुळीच गरज नाही. ती पेटीच आवाज वाढविण्याचे काम करते. दुकानदार आग्रह करील, परंतु हा खर्च निदान घरातील सरावापुरता तरी टाळावा. इलेक्ट्रिक गिटारची गोष्ट वेगळी आहे. तिचे अंग भरीव असते. तारांखाली पिकअप नावाचा भाग असतो. त्यात लोहचुंबक आणि त्याभोवती बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे असतात. वरची पोलादी तार कंप पावली की या वेढ्यांत अत्यल्प विद्युतदाब निर्माण होतो. हा क्षीण संदेश मोठा करून स्पीकरपर्यंत पोहोचविणे हे अ‍ॅम्प्लिफायरचे काम. तो नसेल तर इलेक्ट्रिक गिटारचा आवाज शेजारच्या खोलीतही नीट जात नाही.

आता वॅटचा हिशेब. आम्हा बँकवाल्यांना सरळ व्याजाची सवय असते : मुद्दल दुप्पट, तर व्याजही दुप्पट. कानाचा हिशेब असा सरळ चालत नाही. समजा, एखादा स्पीकर एक वॅट शक्ती दिली असता एक मीटर अंतरावर ९० डेसिबल इतका आवाज देतो. शक्ती दुप्पट केली की त्यात केवळ ३ डेसिबलची भर पडते, आणि दहापट केली की १० डेसिबलची. कानास आवाज साधारण दुप्पट वाटावयास सुमारे १० डेसिबलची वाढ लागते. म्हणजे त्याच स्पीकरवर १० वॅटला १०० डेसिबल, २० वॅटला १०३ आणि ५० वॅटला १०७. वॅट पाचपट वाढले तरी आवाज दुप्पटही वाटत नाही.

याउलट समोरासमोर बसून दोन माणसे बोलतात तो आवाज ६० डेसिबलच्या आसपास असतो. ध्वनिप्रदूषण (नियमन व नियंत्रण) नियम, २००० अन्वये निवासी भागातील आवाजाची मर्यादा दिवसा ५५ व रात्री दहा ते सकाळी सहा या वेळेत ४५ डेसिबल अशी ठरविलेली आहे. हे आकडे समोर ठेवले म्हणजे ध्यानात येते की सदनिकेत सराव करताना प्रत्यक्ष उपयोगात येणारी शक्ती बहुधा एका वॅटच्याही आत असते. उरलेल्या एकोणपन्नास वॅटचे पैसे आपण देतो, पण ते कधी वापरत नाही. ड्रम वाजविणाऱ्या मित्रासोबत वाजवावयाचे झाले तर तीस-चाळीस वॅट लागतात हे खरे. परंतु ती वेळ नवशिक्यावर लगेच येत नाही, आणि आली तर तालमीच्या खोलीत अ‍ॅम्प्लिफायर भाड्याने मिळतो.

मग मोठ्या अ‍ॅम्प्लिफायरचे इतके आकर्षण का? त्यामागे इतिहास आहे. जिम मार्शल यांनी लंडनमधील हॅनवेल येथील आपल्या दुकानातून १९६२ साली अ‍ॅम्प्लिफायर बनविण्यास प्रारंभ केला. त्या काळी सभागृहांतील ध्वनिव्यवस्था गाणाऱ्याच्या आवाजापुरतीच असे. गिटारचा आवाज वादकाच्या पाठीमागच्या पेटीतूनच शेवटच्या रांगेपर्यंत जावयाचा असे. 'द हू' या वाद्यवृंदाचे पीट टाउनशेंड यांच्यासारख्या वादकांनी अधिकाधिक आवाजाची मागणी केली आणि १९६५ च्या सुमारास शंभर वॅटचे मार्शल अवतरले. आज मोठ्या मंचावरही गिटारच्या अ‍ॅम्प्लिफायरपुढे मायक्रोफोन ठेवून आवाज मुख्य ध्वनिव्यवस्थेत नेतात. तरीही भित्तिचित्रांतील ती काळी पेट्यांची भिंत तरुणांच्या मनातून गेलेली नाही.

माझा साठ वॅटचा अ‍ॅम्प्लिफायर हळू आवाजात इतका नीरस का वाटे, याचा उलगडा मला पुष्कळ उशिरा झाला. फ्लेचर आणि मन्सन या संशोधकांनी १९३३ मध्ये दाखवून दिले की आवाज हळू झाला की आपल्या कानास खर्जाचे स्वर, आणि काही प्रमाणात अतितार स्वरही, कमी ऐकू येतात. शिवाय मोठ्या अ‍ॅम्प्लिफायरचे बटन सुरुवातीच्या अंशात सूक्ष्मपणे फिरविणे जिकिरीचे असते. लहान अ‍ॅम्प्लिफायरमध्ये तेच बटन तीन-चारपर्यंत नेता येते आणि आवाजावर हात राहतो.

वॅटपेक्षा स्पीकरच्या आकाराकडे अधिक लक्ष द्यावे असे माझे मत आहे. फेंडरचा फ्रंटमन १०जी, मार्शलचा एमजी १० किंवा ऑरेंजचा क्रश १२ हे नवशिक्यांसाठीचे परिचित प्रकार दहा-बारा वॅटचे असून त्यांचे स्पीकर सहा ते साडेसहा इंचांचे आहेत. आठ इंची स्पीकर मिळाला तर खर्ज अधिक भरदार लागतो. ब्लॅकस्टारच्या फ्लाय ३ सारखा तीन वॅटचा, तीन इंची स्पीकरचा व सेलवर चालणारा अ‍ॅम्प्लिफायर प्रवासात उत्तम. परंतु घरातील एकमेव अ‍ॅम्प्लिफायर म्हणून त्याचा आवाज काहीसा डब्यातून आल्यासारखा वाटतो, आणि सेलचा खर्च हा हप्ता कधी न संपणारा असतो. आपल्याकडील स्ट्रेंजरसारख्या भारतीय नाममुद्रेचे अ‍ॅम्प्लिफायरही विचारात घ्यावेत; दुरुस्ती व सुटे भाग या दृष्टीने ते सोयीचे पडतात.

हेडफोनची जागा असणे ही मात्र मी अट मानतो. ती नसेल तर अन्य सर्व गुण असूनही तो अ‍ॅम्प्लिफायर सदनिकेत राहणाऱ्याने घेऊ नये. दहावीचा अभ्यास करणारी बहीण, रात्रपाळीहून आलेले वडील, आजारी आजी, यांपैकी कोणी ना कोणी प्रत्येक घरात असतेच. हेडफोन वायरचा असावा. ब्लूटूथवर आवाज किंचित उशिरा पोहोचतो. गाणे ऐकताना ते जाणवत नाही, पण आपण छेडलेली तार क्षणभराने ऐकू आली की ताल सुटतो. मोबाइलवरील साथसंगत आत घेण्यासाठी 'ऑक्स'ची जागा असल्यास दुधात साखर.

आत ट्रान्झिस्टर, व्हॉल्व्ह की डिजिटल यंत्रणा असावी, यावर जाणकार तासन्‌तास वाद घालतात. नवशिक्याने त्यात पडू नये. व्हॉल्व्हचा आवाज मधुर खरा, पण तो खुलण्यासाठी अ‍ॅम्प्लिफायर चढवावा लागतो, किंमत अधिक असते आणि व्हॉल्व्ह केव्हातरी बदलावे लागतात. डिजिटल प्रकारांत पन्नास तऱ्हांचे आवाज मिळतात. मग मूल सराव सोडून आवाजच बदलत बसते, असे निदान मी तरी पाहिले आहे. साधा ट्रान्झिस्टरचा, चार-पाच बटनांचा अ‍ॅम्प्लिफायर प्रथम पुरेसा आहे.

इतक्यात पुतण्याचा आणखी एक फोन आला. न्यू जर्सीचा मामा डिसेंबरात येणार असून तेथून अ‍ॅम्प्लिफायर आणतो म्हणत होता. येथे मी तातडीने थांबविले. अमेरिकेतील घरगुती वीज १२० व्होल्टची, आपली २३० व्होल्टची. तेथील अ‍ॅम्प्लिफायर येथे केवळ पिन बदलून लावला तर फ्यूज उडेल किंवा आतील ट्रान्सफॉर्मर जळेल. व्होल्टेज उतरविणारा वेगळा ट्रान्सफॉर्मर घेता येतो, पण त्यात वाचलेले पैसे जातात, आणि हमीपत्राचा प्रश्न उरतोच. खरेदी कोठेही करा, पाठीमागील पट्टीवर २३० किंवा १०० ते २४० व्होल्ट हे आकडे वाचल्यावाचून पैसे देऊ नयेत.

विजेचीच आणखी एक बाब. अ‍ॅम्प्लिफायरमधून सतत 'हंऽऽ' असा आवाज येत असल्यास अनेकजण तो सदोष समजून परत करतात. दोष पुष्कळदा घरातच असतो. तीन पिनांच्या प्लगचे अर्थिंग नीट आहे ना, हे आधी वायरमनकडून तपासून घ्यावे. येथे प्रश्न केवळ आवाजाचा नसून जिवाचा आहे, कारण वादकाचा हात सतत धातूच्या तारांवर असतो. पंख्याचा इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर आणि जुन्या ट्यूबलाइटचा चोक हेही गुरगुर उत्पन्न करतात. पंखा बंद करून पाहावा. गुरगुर थांबली तर अ‍ॅम्प्लिफायर निर्दोष आहे.

दुकानात जाताना स्वतःची गिटार सोबत न्यावी. दुकानातील महागड्या गिटारवर कोणताही अ‍ॅम्प्लिफायर गोड लागतो. विक्रेता जोरात वाजवून दाखवील. आपण मात्र घरी वाजवू तितक्याच हळू आवाजात ऐकावे. प्रत्येक बटन फिरवून खरखर होते का पाहावे, हेडफोन लावल्यावर स्पीकर बंद होतो ना याची खात्री करावी, आणि गिटारची वायर आत बसविल्यावर सैल हलत नाही ना हेही पाहावे. गिटारची वायर आवरणयुक्त असते. तिच्या जागी स्पीकरची साधी वायर चालत नाही.

दहा वॅटचे असे अ‍ॅम्प्लिफायर सध्या साधारणतः पाच ते दहा हजार रुपयांत मिळतात. त्यावर वायर, हेडफोन आणि तारांचा एक जादा संच यांसाठी दीड-दोन हजार वेगळे ठेवावेत. कर्ज देणे हा आमचा व्यवसाय असला तरी या खरेदीसाठी क्रेडिट कार्डावर थकबाकी ठेवू नये, हेही येथे सांगून टाकतो.

पुतण्याने अखेर दहा वॅटचा, साडेसहा इंची स्पीकरचा अ‍ॅम्प्लिफायर घेतला. खात्यात पंधराशे रुपये शिल्लक राहिले. प्रथम त्याने तो जमिनीवर ठेवला होता. स्पीकरमधील तार स्वर सरळ रेषेत जातात, त्यामुळे जमिनीवर ठेवल्यास ते पायांस ऐकू येतात आणि कानांस कमी. मग वाजविणारा नकळत आवाज वाढवतो व खालच्या मजल्यावर हादरे बसतात. आता तो अ‍ॅम्प्लिफायर एका स्टुलावर, घडी घातलेल्या सतरंजीवर विराजमान आहे. रात्री साडेनऊनंतर हेडफोन लागतो. दादा सांगतो की दाराबाहेरून केवळ तारांची बारीक टणटण ऐकू येते, आणि ती बहुधा अकरापर्यंत चालू असते.