घट, लग्नसराई आणि फ्रँकफर्टचे चार दिवस

आदिलाबादला लग्नपत्रिका छापायची तर टाइप दोन लागतात, तेलुगू आणि मराठी. तिथल्या एका छोट्या छापखान्याच्या मालकाला पुष्कळ वर्षांपासून एकच हौस आहे: जर्मनीतल्या माइन्त्सला जाऊन गुटेनबर्गचं बेचाळीस ओळींचं बायबल डोळ्यांनी पाहायचं. पत्नी सरकारी मराठी शाळेत शिक्षिका. माइन्त्सच्या शेजारी फ्रँकफर्ट, आणि हैदराबादहून फ्रँकफर्टला जानेवारी २०२४ पासून लुफ्तान्साचं थेट विमान. चार दिवसांत जाऊन येऊ, असं २०२५ च्या उन्हाळ्यात ठरलं. ठरलं म्हणजे काय, कॅलेंडर भिंतीवरून खाली आलं.

लग्नसराईत यंत्र बंद ठेवता येत नाही, म्हणजे चातुर्मासच गाठायला हवा. शाळेला दसऱ्याची लांब सुट्टी, ती सोयीची. पण दसरा २ ऑक्टोबरला, म्हणजे सुट्टीत नवरात्र आलंच. "अहो, मशीन बंद राहिलं तरी चालेल, घटापुढचा दिवा नाही," असं बाईंनी स्पष्ट सांगितलं. ऑक्टोबरच्या मध्यावर ढकलावं तर फ्रँकफर्टचा जगप्रसिद्ध ग्रंथमेळा. त्या आठवड्यात हॉटेलांचे दर गगनाला भिडतात. शिवाय ३ ऑक्टोबर हा जर्मन एकीकरणाचा दिवस, सगळी दुकानं बंद. शेवटी जाऊबाई नऊ दिवस घरी राहायला तयार झाल्या आणि सप्टेंबरचा शेवटचा आठवडा पक्का झाला.

विमानतळाचा प्रश्न त्या मानाने सोपा. आदिलाबादहून पैनगंगा ओलांडून नागपूर साधारण २०० किलोमीटर, हैदराबाद ३०० च्या आसपास. नागपूर जवळचं खरं, पण तिथून जर्मनीला थेट विमान नाही. मुंबई, दिल्ली किंवा दोहाला बदलावं लागतं. चार दिवसांच्या सहलीत अर्धा दिवस दुसऱ्याच विमानतळावर बसून घालवणं परवडत नाही. म्हणून निर्मल, कामारेड्डीमार्गे हैदराबादचं शमशाबाद विमानतळ. विमान मध्यरात्रीनंतर सुटतं, त्यामुळे आदिलाबादहून दुपारच्या आत निघालेलं बरं.

खरा कस लागतो तो कागदांत. शेंगेन व्हिसाचा अर्ज केंद्रावर द्यायचा, म्हणजे यांना हैदराबादला. आणि बोटांचे ठसे द्यायला दोघांनी जातीनं जायचं. फी माणशी ९० युरो, विमा किमान ३०,००० युरोंचा, निर्णयाला साधारण १५ दिवस, कधी त्याहून जास्त. बँकेचं स्टेटमेंट, आयटीआर, हॉटेलचं बुकिंग, रोजचा कार्यक्रम. बाई सरकारी नोकर, म्हणून खात्याची परवानगी वेगळी.

त्यात नावाचा घोळ. तेलुगू रिवाजानं बँकेच्या पासबुकावर आडनाव आधी. आधारवर मराठी पद्धतीनं नाव, नवऱ्याचं नाव, मग आडनाव. सेवापुस्तकात अजून माहेरचं. पासपोर्टात तर आडनावाचा रकानाच स्वतंत्र. तीन कागदांवर तीन बायका दिसतात! नोटरीपुढे 'ही सर्व नावे माझीच' असं प्रतिज्ञापत्र करावं लागलं. आदिलाबादसारख्या सीमेवरच्या जिल्ह्यात हा खर्च आधीच धरून चालावा.

या जिल्ह्याला जर्मन पासपोर्टाची गोष्ट नवी नाही म्हणा. क्रिस्टोफ फॉन फ्यूरर-हाइमेनडॉर्फ हे व्हिएन्नाचे मानववंशशास्त्रज्ञ. ऑस्ट्रिया जर्मनीत विलीन झाल्यामुळे त्यांच्याकडे जर्मन पासपोर्ट होता आणि १९३९ ला युद्ध पेटताच ब्रिटिशांच्या लेखी ते शत्रुराष्ट्राचे नागरिक ठरले. हैदराबाद संस्थानात राहायची मुभा मिळाली, आणि पुढे ते मारलवाई गावच्या गोंडांमध्ये रमले. मारलवाई आता आसिफाबाद जिल्ह्यात गेलंय. त्यांच्या पत्नी बेटी यांची समाधी तिथेच आहे.

चार दिवसांची मांडणी वारांवर अवलंबून. जर्मनीत रविवारी दुकानं बंद, सोमवारी बहुतेक संग्रहालयं बंद. म्हणून शुक्रवार-शनिवारी ऱ्योमरचा चौक, माइन नदीचा काठ आणि क्लाइनमार्क्टहाले ही छपराखालची मंडई. रविवार माइन्त्सला. विमानतळ दोन्ही शहरांच्या दरम्यान, एस-८ लोकल दोन्हीकडे जाते. गुटेनबर्ग संग्रहालयाच्या जागी नवी इमारत होतेय, त्यामुळे प्रदर्शन शहराच्या निसर्गविज्ञान संग्रहालयात हलवलंय. हे वेळीच कळलं म्हणून बरं, नाहीतर बंद दारापुढे फोटो काढून परतावं लागलं असतं.

महिन्याभराच्या प्रवासाचं डॉइचलांडटिकेट (२०२५ मध्ये ५८ युरो) स्वस्त वाटतं, पण चार दिवसांसाठी दिवसाची तिकिटंच पुरतात. हॉटेल रद्द करता येईल असंच घेतलं. विम्याला मागेपुढे एकेक दिवस जोडला. विमानाची जागा फक्त राखून ठेवलीय. पैसे पासपोर्टावर व्हिसा चिकटल्यावर.