मते घटली, जागा वाढल्या : पक्षाच्या जागांचा अंदाज कसा बांधतात?

गोविंदपुरम् (कुंभकोणम्), तामिळनाडू : विठ्ठल-रुक्मिणीच्या मंदिरामुळे मराठी भाविकांना परिचित असलेले गोविंदपुरम् मयिलाडुदुरै लोकसभा मतदारसंघात येते. येथे २०१४ मध्ये अण्णा द्रमुक, २०१९ मध्ये द्रमुक आणि २०२४ मध्ये काँग्रेस विजयी झाली. दहा वर्षांत तीन पक्ष निवडून आल्याने मतदारांचे मन दरवेळी पालटले, असे वाटणे स्वाभाविक आहे. वस्तुतः द्रमुक आणि काँग्रेस २०१९ आणि २०२४ या दोन्ही निवडणुकांत एकाच आघाडीत होते. २०२४ च्या जागावाटपात ही जागा काँग्रेसकडे गेली, एवढाच तो बदल होता.

पक्षाच्या जागांचा अंदाज बांधताना म्हणूनच पहिला प्रश्न आघाडीचा असतो. तामिळनाडूत २०१४ मध्ये स्वबळावर लढलेल्या काँग्रेसला सुमारे ४ टक्के मते मिळाली, जागा मात्र एकही मिळाली नाही. आघाडीत राहून तिने २०१९ मध्ये ९ पैकी ८, तर २०२४ मध्ये ९ पैकी ९ जागा जिंकल्या.

दुसरा टप्पा मतांचे जागांत रूपांतर करण्याचा. आपल्या पद्धतीत ज्याला सर्वाधिक मते, तो विजयी. उरलेल्या मतांना जागांच्या हिशेबात स्थान नसते. २०१४ मध्ये द्रमुकला राज्यात सुमारे साडेतेवीस टक्के मते मिळूनही एकही जागा मिळाली नाही; सुमारे ४४ टक्के मते मिळवणाऱ्या अण्णा द्रमुकने ३९ पैकी ३७ जागा जिंकल्या.

अभ्यासक साधारणतः मागील निकाल पायाभूत धरतात आणि सर्वेक्षणात दिसणारा मतांचा कल प्रत्येक मतदारसंघात सारखाच लागू करतात. परंतु त्याच्या जोडीला विरोधी मते किती एकवटली आहेत, हेही मोजावे लागते. २०१९ मध्ये द्रमुक आघाडीला सुमारे ५३ टक्के मते व ३८ जागा मिळाल्या. २०२४ मध्ये तिची मते सुमारे ४७ टक्क्यांवर आली, तरी सर्वच्या सर्व ३९ जागा तिने जिंकल्या. मधल्या काळात अण्णा द्रमुक आणि भाजप यांची युती तुटली होती व विरोधी मते दोन आघाड्यांत विभागली गेली होती.

मात्र हे सूत्र सर्वत्र सारखे चालत नाही. मयिलाडुदुरैमध्ये काँग्रेसच्या आर. सुधा अडीच लाखांहून अधिक मताधिक्याने निवडून आल्या. दोन्ही विरोधी आघाड्यांच्या उमेदवारांची मते एकत्र केली, तरी ती त्यांच्या मतांहून कमीच भरतात.

महाराष्ट्रातील अनुभव याहून वेगळा आहे. २०२४ च्या लोकसभा निवडणुकीत महाविकास आघाडी आणि महायुती यांच्या मतांत एक टक्क्याचेही अंतर नव्हते. जागा मात्र अनुक्रमे ३० आणि १७ झाल्या. मुंबई वायव्य मतदारसंघाचा निकाल तर अवघ्या ४८ मतांनी लागला. एक हजार मतदारांच्या यादृच्छिक नमुन्यातही साधारण तीन टक्के इकडेतिकडे होण्याची शक्यता असते. अशा वेळी मतांचा अंदाज अचूक ठरूनही जागांचा अंदाज पार कोसळू शकतो.

शेवटच्या टप्प्याचे मतदान संपेपर्यंत मतदानोत्तर चाचण्या प्रसिद्ध करण्यास लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १२६-अ नुसार मनाई आहे. त्यानंतर मात्र आकड्यांचा पूर येतो. २०२४ मध्ये बहुतेक चाचण्यांनी राष्ट्रीय लोकशाही आघाडीला साडेतीनशेच्या आसपास वा त्याहून अधिक जागा दिल्या होत्या; प्रत्यक्षात २९३ मिळाल्या.

म्हणून अंदाज वाचताना जागांच्या एका आकड्यावर थांबू नये. मतांची टक्केवारी किती, कमाल-किमान मर्यादा कोणत्या, नमुना केवढा आणि आघाड्यांचे गणित कोणते धरले, हे विचारावे. ही माहिती न देणारा अंदाज, तो खरा ठरला तरी, तपासून पाहता येत नाही.