जुन्या कॉमिक्सवरचा तांबेरा

मागच्या महिन्यात एका जुन्या पुस्तकांच्या दुकानात उभा होतो. शेजारी पंचविशीतला एक तरुण मराठी इंद्रजाल कॉमिक्सचा अंक हातात धरून दुकानदाराशी घासाघीस करत होता. "बघा ना, पानापानावर डाग आहेत. एवढे पैसे कशाचे?" दुकानदार शांतपणे म्हणाला, "साहेब, हे वयाचे डाग. माझ्या हातावरही आहेत." मला दोघांचंही म्हणणं पटलं. जुनी कॉमिक्स जमवणाऱ्याने या डागांकडे किती लक्ष द्यावं, हा प्रश्न तेव्हापासून डोक्यात घोळतो आहे, म्हणून आज त्याविषयीच बोलतो.

हे डाग तुम्ही नक्की पाहिले असतील. मसुरीच्या दाण्याएवढे किंवा त्याहून लहान, तांबूस-तपकिरी, कडेला फिकट होत गेलेले. गव्हाच्या पातीवर तांबेरा पडतो ना, तसे. इंग्रजीत याला फॉक्सिंग म्हणतात. ते कशाने पडतात याची दोन उत्तरं दिली जातात. कागद बनवताना त्यात लोखंडाचे बारीक कण राहून जातात, ते दमट हवेत गंजतात, हे एक. कागदावर डोळ्यांना न दिसणारी बुरशी वाढते आणि मागे रंग सोडून जाते, हे दुसरं. अभ्यासकांना काही डागांत लोखंड सापडलं, काहींत बुरशी, काहींत दोन्ही. पण दोन्ही कारणांना एक गोष्ट लागतेच, ती म्हणजे ओल. हवेतली आर्द्रता साधारण 65-70 टक्क्यांच्या वर बराच काळ राहिली की बुरशीला जाग येते. मुंबईत आणि कोकणात पावसाळ्यात ती 80च्या वर असते, दिवसच्या दिवस. म्हणजे आपल्या भागात कॉमिक्सवर ठिपके आले नाहीत तरच नवल म्हणायचं.

पण सगळेच डाग एका जातीचे नसतात, आणि घेणाऱ्याची फसगत होते ती इथे. पानांच्या कडा पिवळट-तपकिरी होतात, पान दुमडलं की पापडासारखं तुटतं, तो तांबेरा नव्हे. कॉमिक्स छापली जात ती वर्तमानपत्राच्या स्वस्त कागदावर. त्या कागदात लाकडातलं लिग्निन तसंच राहिलेलं असतं. उजेड आणि हवा लागली की ते काळवंडतं आणि कागदात आम्ल वाढत जातं. हा रोग पानभर पसरतो, आतून पोखरतो, आणि ठिपक्यांपेक्षा कितीतरी वाईट असतो. ठिपके पडलेलं पान मऊ असेल तर ते अजून बरीच वर्षं टिकेल. डाग एकही नाही, पण पान कडकडीत झालेलं असेल, तर ते तुमच्या नातवापर्यंत पोचणार नाही. तिसरा डाग मधल्या पिनांचा. त्या गंजल्या की भोवती तांबडी कडा उमटते आणि एक दिवस मधलं पान सुटून येतं.

चौथा प्रकार तेवढा धोक्याचा. जिवंत बुरशी. करडी, हिरवट किंवा काळी, लव असलेली, बोटाला लागणारी, आणि नाकात बसणारा कुबट वास. अशी प्रत कितीही दुर्मीळ असली तरी घरातल्या गठ्ठ्यात ठेवू नका. ती शेजारच्या प्रतींना लागते, आणि दम्याच्या माणसाला तर तिचा त्रास होतोच होतो. तांबेरा हा होऊन गेलेल्या आजाराचा व्रण, आणि ही लव म्हणजे चालू असलेला आजार. दुकानात अंक हातात आला की आधी वास घ्यावा. दुकानदार हसतो, हसू द्यावं.

आता किमतीचं. जुन्या कॉमिक्सचा पद्धतशीर बाजार उभा राहिला तो अमेरिकेत. तिथे रॉबर्ट ओव्हरस्ट्रीट यांची भावपुस्तिका 1970 साली पहिल्यांदा निघाली, आणि 2000 साली सीजीसी नावाची कंपनी प्रती तपासून त्यांना दहापैकी गुण द्यायला लागली. अंक तपासायचा, गुण ठरवायचे आणि तो प्लॅस्टिकच्या कठीण पेटीत बंद करायचा. मग तो पुन्हा वाचायचा नाही, फक्त बघायचा! मला हे काही झेपत नाही, पण त्यांच्या पद्धतीत शिकण्यासारखं आहे. ठिपके हा तिथे दोष मानला जातो, पण बाकी अनेक दोषांपैकी एक. कण्यावरच्या सुरकुत्या, फाटलेले कोपरे, सुटलेलं मुखपृष्ठ हेही मोजलं जातं. थोडे ठिपके असलेली प्रत मधल्या दर्जापर्यंत सहज पोचते. पानं किती पांढरी आहेत हे ते गुणांपासून वेगळं लिहितात, म्हणजे घेणाऱ्याला वय वेगळं दिसतं आणि हाताळणी वेगळी. आणि सर्वांत महत्त्वाचं, डाग घालवायला कोणी रसायनाने धुतलं किंवा वर रंग भरला, तर प्रतीवर तसा स्पष्ट शेरा मारला जातो आणि किंमत चांगलीच उतरते. खरा डाग बाजार खपवून घेतो, पुसलेला डाग त्याला खटकतो.

तिथल्या उत्तम प्रती कुठे सापडल्या ते पाहिलं की हवामानाचा वाटा कळतो. कोलोरॅडोत एडगर चर्च नावाचे एक व्यावसायिक चित्रकार राहत. चित्रांना संदर्भ हवेत म्हणून ते मासिकं आणि कॉमिक्स साठवत गेले. 1977 साली चक रोझान्स्की या तरुण विक्रेत्याने त्यांचा संग्रह घेतला, तेव्हा त्यात हजारो कॉमिक्स होती, उंच ढिगांत घट्ट रचलेली. समुद्रसपाटीपासून मैलभर उंचीवरची थंड, कोरडी हवा, आणि ढिगाच्या भाराने पानांत वारा शिरायला जागा नाही. तीस-चाळीस वर्षांनीही पानं पांढरी राहिली होती. सुपरमॅन पहिल्यांदा ज्यात आला तो 'ॲक्शन कॉमिक्स'चा जून 1938चा पहिला अंक, मूळ किंमत 10 सेंट. त्याची एक प्रत 2014 साली 32 लाख डॉलरला गेली. तीही वेस्ट व्हर्जिनियाच्या डोंगराळ भागात देवदाराच्या पेटीत राहिलेली, असं विकणाऱ्याने सांगितलं होतं. आता सांगा, आपल्याकडे कोणाच्या माळ्यावर असली हवा आहे?

आपलं इंद्रजाल मार्च 1964 मध्ये इंग्रजीत सुरू झालं. पहिल्या अंकात ली फॉकच्या फॅंटमची गोष्ट होती. पुढे ते मराठीसह अनेक भारतीय भाषांत निघालं, आणि फॅंटमचा वेताळ झाला. 1976 साली आबिद सुरती यांचा बहादूर त्यात आला, तेव्हा आपल्या मातीतला नायक मिळाल्याचं आम्हां मुलांना कोण अप्रूप! 1990 मध्ये हे सगळं बंद झालं. हे अंक कोणी जपून ठेवण्यासाठी घेतले नव्हते. ते गल्लीतल्या वाचनालयातून दिवसाच्या भाड्यावर फिरले, त्यांच्यावर जांभळ्या शाईचे शिक्के बसले, दहा-बारा अंक एकत्र बांधून बाइंडरने कडा छाटल्या, त्यात चित्रांतली डोकी गेली. उरलेलं कसर आणि वाळवी यांनी बघितलं. एवढ्यातून वाचून जो अंक हातात येतो, त्याच्यावरचे ठिपके मोजत बसणं मला तरी कद्रूपणाचं वाटतं. साठच्या दशकातला मराठी अंक असेल तर मी पानं पूर्ण आहेत का, मुखपृष्ठ मूळचं आहे का, मधलं पान जागेवर आहे का आणि कागद मऊ आहे का एवढंच बघेन. ऐंशीच्या दशकातला असेल, तर मात्र त्या तरुणाच्या बाजूने बोलेन. त्यातल्या बऱ्याच अंकांच्या स्वच्छ प्रती अजून सापडतात, मग डागाळलेलीला पूर्ण दाम का द्यायचा? आणि डाग कुठे आहे हेही बघावं. मुखपृष्ठावर, नेमका चेहऱ्यावर पडला असेल तर तो डोळ्यांत खुपतो. मागच्या जाहिरातीवर पडला तर पडला.

डागांचा एक उपयोगही आहे, तो फारसा कोणी सांगत नाही. भाव वाढले तसे रंगीत झेरॉक्स काढून मुखपृष्ठं 'पूर्ण' करण्याचे उद्योग होतात. झेरॉक्समध्ये मूळ प्रतीचे ठिपकेही छापून येतात. पण खरा ठिपका कागदात मुरलेला असतो. पान उलटलं की तो पाठीमागे फिकट दिसतो, बऱ्याचदा समोरच्या पानावरही त्याच जागी सावली सोडतो. छापलेला ठिपका पुढून असतो, मागे कोरा. भिंगाखाली धरलात तर तो छपाईच्या बारीक रंगीत कणांचा बनलेला दिसतो. म्हणजे डाग हा प्रतीचा जन्मदाखला झाला म्हणायचा.

हे डाग घालवायच्या भानगडीत मी एकदा पडलो होतो. आमचं घर कोकणात, पावसाळ्यात भिंतींना पाझर. मोठी बहीण, आम्ही तिला आपा म्हणत असू, तिच्या खाऊच्या पैशांतून इंद्रजाल आणायची आणि प्रत्येक अंकाच्या पहिल्या पानावर कोपऱ्यात शाईने नाव लिहायची. मला जोडाक्षरं आली ती वेताळाच्या तोंडच्या फुग्यांतून, तिच्या बोटामागे बोट फिरवत. तिचं लग्न झालं, पेटी माळ्यावर गेली. ती गेल्यानंतर काही वर्षांनी मी पेटी उघडली, तर सगळ्या अंकांवर तांबेरा. कुणीतरी सांगितलं की कपड्यांचं ब्लीच पाण्यात घालून कापसाने टिपलं की डाग जातात. पहिल्याच अंकावर पहिलंच पान घेतलं. डाग फिके झाले, हे खरं. पण कोपऱ्यातलं नावही गेलं. वाळल्यावर त्या जागी कागद भुसभुशीत झाला आणि नखाएवढा तुकडा गळून पडला. बाकीचे अंक मी तसेच ठेवले आहेत, डागांसकट आणि नावासकट.

तेव्हापासून मी एवढंच करतो. पावसाळ्याआधी अंक बाहेर काढून सावलीत, पंख्याखाली उघडून ठेवतो. उन्हात मुळीच नाही, उन्हाने रंग उडतात आणि कडा आणखी पिवळ्या पडतात. रंगकामाच्या मऊ ब्रशने धूळ झटकतो, तोंडाला फडकं बांधून, अंगणात. चिकटपट्टी लावत नाही. लॅमिनेशन तर कोणी फुकट करून दिलं तरी नको, ते पुन्हा सुटत नाही. अंकामागे आम्लविरहित पुठ्ठा ठेवतो आणि तो पॉलिएस्टरच्या पाकिटात घालतो. भाजीच्या पिशवीसारखं मऊ प्लॅस्टिक वापरत नाही. ऐन पावसात पाकिटं बंद करायची नाहीत, आतली ओल आतच कोंडते. पेटीत सिलिका जेलच्या पुड्या, त्या दर वर्षी बदलायच्या. पेटी भिंतीपासून चार बोटं लांब. कडुलिंबाचा पाला कसरीसाठी ठेवायचा तर पुरता वाळलेला हवा. ओला पाला ओलच आणतो, आणि बुरशीला त्याचं काही वाटत नाही. या सगळ्याने जुना ठिपका जात नाही. नवा पडायचं प्रमाण मात्र खूप कमी होतं.

त्या दुकानातला अंक शेवटी त्या तरुणानेच घेतला. दुकानदाराने वीस रुपये सोडले. पैसे देण्याआधी मी त्याला अंकाचा वास घ्यायला सांगितलं. त्याने घेतला आणि म्हणाला, "काका, जुन्या कपाटासारखा येतोय." मग मी म्हटलं, घे.