पार्सच्या अस्तानंतर

28 जानेवारी 2016 रोजी ‘पार्स’ या सेवेच्या चालकांनी वर्षभराने आपला कारभार आटोपता घेण्याचे जाहीर केले, तेव्हा ज्यांच्या ॲपमधील ग्राहकांची खाती, पासवर्ड, छायाचित्रे आणि फोनवर सूचना धाडण्याची तजवीज असे सारे दप्तर तिच्या हवाली होते, त्या विकसकांना आपण ज्या वास्तूत निर्धास्तपणे नांदलो तिची मालकी दुसऱ्याची आहे, याची तीव्र जाणीव झाली. 2011 साली स्थापन झालेल्या आणि 2013 साली फेसबुकने विकत घेतलेल्या या सेवेचे ऋण मात्र नाकारता येणार नाही. सर्व्हर उभारणे, डेटाबेस राखणे, रात्री-अपरात्री बंद पडलेले यंत्र पुन्हा सुरू करणे ही कामे तिने आपल्या शिरावर घेतली, म्हणूनच एकट्यादुकट्या माणसालाही ॲप सिद्धीस नेता आले.

तिचा अस्तही, माझ्या मते, आदरणीय होता. त्याच दिवशी ‘पार्स सर्व्हर’चा सोर्स कोड सर्वांस खुला झाला, माहिती स्वतःच्या ‘मोंगोडीबी’ या डेटाबेसात हलवण्याचे साधन मिळाले, आणि एप्रिलअखेर माहिती व जुलैअखेर सर्व्हर हलवावा, असा क्रमही सुचवण्यात आला. याच स्वरूपाची ‘स्टॅकमॉब’ ही सेवा पेपालने डिसेंबर 2013 मध्ये ताब्यात घेतली आणि पुढील मे महिन्यात ती बंद झाली, हे स्मरले म्हणजे वर्षभराच्या मुदतीचे मोल कळते.

परंतु मालकीबरोबर चौकीदारीही येते. पार्स बंद झाली त्याच महिन्यात, जानेवारी 2017 मध्ये, पासवर्डाविना इंटरनेटवर उघडे राहिलेले हजारो मोंगोडीबी डेटाबेस अज्ञात लुटारूंनी रिकामे केले आणि त्यांच्या जागी खंडणीच्या चिठ्ठ्या ठेवल्या. त्यासाठी कुलूप फोडावे लागले नव्हते, कारण दाराला कुलूपच नव्हते. बाहेरच्या जोडण्या मुळातच न स्वीकारण्याची खबरदारी सर्वत्र आपोआप लागू झाली ती त्याच वर्षाच्या अखेरीस आलेल्या 3.6 या आवृत्तीपासून. आपला सर्व्हर आपण चालवू म्हणणाऱ्याने या प्रकरणाचे मनन अवश्य करावे.

दरम्यान, 2014 साली गूगलच्या छत्राखाली गेलेल्या ‘फायरबेस’कडे पुष्कळ जण वळले. तिच्या 2017 सालच्या ‘फायरस्टोअर’ या डेटाबेसात वाचलेल्या प्रत्येक दस्तऐवजामागे आकारणी होते; शंभर नोंदींची यादी दाखवणारा एक पडदा हजार जणांनी एकेकदा उघडला, तर एक लक्ष वाचने होतात आणि दिवसाची पन्नास हजारांची विनामूल्य मर्यादा दुपटीने ओलांडली जाते. मला याहून गंभीर वाटते ते हे की, तेथे सारण्यांची परस्परजोडणी नसल्याने एकच माहिती अनेक ठिकाणी लिहावी लागते, आणि प्रवेशाचे नियमही तिच्याच परिभाषेत रचावे लागत असल्यामुळे, सेवा सोडण्याची वेळ आली म्हणजे ॲपचा बराच भाग नव्याने लिहिणे प्राप्त होते.

2020 साली उदयास आलेल्या ‘सुपाबेस’ने या कोंडीतून मार्ग काढला. 1986 साली बर्कलीच्या विद्यापीठात ज्याचा पाया घातला गेला त्या पोस्टग्रेस डेटाबेसावर ती उभी असल्याने, आज भाडे देऊन तिच्या सर्व्हरवर राहावे आणि उद्या pg_dump या आज्ञेने डेटाबेसातला सारा ऐवज उचलून अन्यत्र न्यावा, अशी सोय झाली. ‘ॲपराइट’ आणि एसक्यूलाइटवर चालणारे ‘पॉकेटबेस’ हेही आपल्या यंत्रावर चालवता येतात. स्वतः चालवायची मुक्त सेवा आणि दुसऱ्याने व्यवस्थापित केलेली सेवा हा भेद त्यामुळे पूर्वीइतका कठोर राहिला नाही, आणि मला याचा मनःपूर्वक आनंद वाटतो.

तरीही नवी सेवा पत्करताना मी पहिल्याच आठवड्यात तिच्यातील सारी माहिती बाहेर काढून दुसऱ्या यंत्रावर उभी करून पाहतो. सारण्या बहुधा सुखरूप येतात; मी अधिक बारकाईने पाहतो ते पासवर्डांचे हॅश आणि ते कोणत्या पद्धतीने घडवले याचा तपशील, कारण एवढे हाती आले नाही, तर स्थलांतराच्या दिवशी प्रत्येक ग्राहकाला नवा पासवर्ड ठरवण्याची विनंती करावी लागते, आणि त्यांतील कितीतरी जण परत येत नाहीत.